गारठपूरचा विस्तव

प्रिय नामा,

तू गेलास त्याला महिना झाला आणि मी आज लिहायला बसलोय. कारण कळलं तर हसशील. माझी नात ईरा मोबाइलवर खेळत होती, म्हणून!

खेळ बर्फाच्या देशातला. चहूकडे पांढरंशुभ्र, मधोमध एक मोठी भट्टी आणि तिच्याभोवती घरं. भट्टी पेटती राहिली तर माणसं जगतात. मी चष्मा लावून बघतच राहिलो. त्या पांढऱ्यात तो तांबूस उजेड काय दिसत होता म्हणून सांगू! तेवढ्यात वेशीवर काही माणसं आली. काकडलेली, आत घ्या म्हणणारी. ईरानं बोट दाबलं आणि वेस बंद केली.

"अगं, का?"

"कोळसा पुरला नसता, आजोबा. गेम आहे तो! तुम्ही कशाला रडताय?"

रडत होतो का मी? असेन. तिला म्हणालो, डोळ्यांत काहीतरी गेलं.

नामा, हा आपलाच खेळ रे! आपल्या गावच्या, भऱ्याच्या घराची पडवी आठवते? मी सातवीत, तू चौथीत. सिमेंटची कागदी गोणी उलटी करून तिच्यावर कोळशानं घरं आखली होती. बर्फ आपण पाहिला होता तो फक्त पौडच्या बाजारात, गारीगारवाल्याच्या पेटीत, भुशात गुंडाळलेला. तेवढ्या ढेकळावर आपण अख्खं गारठपूर उभं केलं! हिमराक्षसाची खिंड, गोठलेली मुळा नदी, पार टोकाला शेवटची शेकोटी. दोन खडे म्हणजे आपण दोघे, चिंचोके म्हणजे फासे. आणि तांबड्या गुंजा म्हणजे निखारे. दर डावाला एक गुंज जळायची. गुंजा संपल्या की गडी जागच्या जागी गारठला.

वर्गात गुरुजी चालीवर कविता म्हणून घ्यायचे. त्याच चालीत मी आपल्या खेळाचंही कवन केलं होतं:

गारठपुरी गार वारा,
ज्याचा विस्तव त्याला थारा!

केवढ्या ऐटीत म्हणून दाखवलं होतं तुला! आणि तू नाक पुसत म्हणालास, "आन् म्होरं पोचून येकट्यानंच शेकत बसायचं व्हय? लई मज्जा!"

मग नियम तूच केलास. गारठलेल्यानं मागितला की निखारा द्यायचाच. गड्याला मागं टाकून जो पोचला, त्याचा डाव बाद. नऊ वर्षांचं पोर तू! मी चिडलो, कारण अशानं मला जिंकताच येईना. पण खेळलो तसंच. दोघंही पोचायचो आणि पडवीत खोटी खोटी शेकोटी करून हात शेकत बसायचो.

कुठल्या कवितेत नव्हतं रे ते, जे तू सहज बोलून गेलास.

ऐंशी साल उलटलं, दोघांची लग्नं झाली. एके दिवशी तू म्हणालास, "जागा पुरत न्हाई, दादा. मी वरच्या शेतात घर बांधतो." एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. पण मला ते लागलं. माझ्या घरातून उठून तू वेगळी चूल मांडलीस, हे मी मनात धरून बसलो. तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं.

आणि ती श्रावणातली तिन्हीसांज.

चार दिवस झड लागलेली. तू इरलं पांघरून दारात उभा, हातात राखेचं खापर. तुझी तारा आठ दिवसांची होती. "दादा, चूल विझलीया. काडेपेटी सादळली. बाळंतिणीला शेक द्यायचा हाय, वाईच इस्तव दे."

मी पुस्तकातून मान वर केली नाही.

तुझी वहिनी आतून म्हणाली, "दिवेलागण झाली भावजी, आता विस्तव देत न्हाईत. सकाळी न्या." तू रिकामं खापर इरल्याखाली घेतलंस. मग म्हणालास, "बरं." आणि गेलास. पार कुंभारआळीपर्यंत गेलास म्हणे. येताना खापरातला विस्तव दोनदा विझला.

त्यानंतर तू आमचा उंबरा चढला नाहीस. ताराला दमा जडला, त्याचाही बोल वहिनीलाच. वहिनी गेली तेव्हा तू मातीलासुद्धा आला नाहीस. एवढा का रे कठोर झालास? एकदा तरी वाटेत गाठून मला विचारायचंस, "दादा, तू का गप बसलास?"

विचारलं असतंस तर सांगितलं असतं का मी? कुणास ठाऊक.

नामा, ऐक. वहिनीनं चिमटा हातात घेतला होता. त्यात चांगला मुठीएवढा निखारा होता. ती तुझ्याकडे निघाली होती आणि मी हळूच म्हणालो, "दिवेलागण झाली. विस्तव देऊ नये." मी! जो असल्या गोष्टी कधी पाळत नव्हता! तिनं माझ्याकडे पाहिलं. निखारा परत चुलीत ठेवला आणि माझे शब्द आपल्या तोंडानं तुला सांगितले. वेगळं व्हायचंय ना, मग कळू दे, एवढंच त्या घडीला माझ्या मनात होतं. आठ दिवसांचं लेकरू मनात आलंच नाही.

तिनं मरेपर्यंत माझं नाव घेतलं नाही. मी एकदाही म्हणालो नाही की बाई, सांगून टाक.

महिन्यामागं तुझ्या तिरडीपुढं ताराच विस्तवाचं मडकं घेऊन निघाली. तिला श्वास लागला होता. मी पुढं झालो, "आण पोरी, घडीभर मी धरतो."

"ऱ्हाऊ द्या, तात्या," ती म्हणाली. "काकीनं दिला न्हाई तवा. आता आमच्या इस्तवाला तुमचा हात नगं."

चार माणसं ऐकत होती. खरं सांगायला ह्याहून बरी वेळ कुठली होती? आणि मी? मी मागं सरकलो. पुन्हा गप्प! तुला अग्नी दिला, ज्वाळा वर चढल्या, आणि त्या धगीसमोर उभा असून माझे हात गार पडलेले होते.

आता ह्या नेऱ्याच्या फ्लॅटमध्ये बसून कुणाला सांगू? तू नाहीस, तुझी वहिनी नाही. ज्यांनी माफ करायचं, ती दोन्ही माणसं गेली. मला आता माफीही नको. पण तारा उरलीय रे, आणि तिच्या मनात अजून काकीच गुन्हेगार आहे.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं भऱ्याला जातो. ताराच्या अंगणात उभा राहून, शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं सांगतो की काकी देत होती, अडवणारा मी होतो. तिनं दार लावलं तर दाराला सांगेन. शिव्या घातल्या तर पुऱ्या ऐकून घेईन. पण तुझ्या वहिनीच्या माथ्यावरचं माझं पाप उतरवल्याशिवाय परतीच्या गाडीत पाय ठेवणार नाही. हा शब्द तुला देतो, नामा.

तुझा,
दादा