बावीस डब्यांवरच्या चिठ्ठ्या

ती. आईस,
लांबूनच नमस्कार. मी बरी आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं.

माझ्या वर्गात बारा जण आहेत, सगळे सत्तरीपुढचे आणि ठणठणीत. लक्ष आणि आठवण शाबूत राहावी म्हणून मी त्यांच्याकडून रोजचीच कामं करून घेते. काल चौघांचा चहा करायचा होता. डब्यांवर मी मुद्दाम नावं लिहीत नाही, कशात काय आहे ते त्यांनीच आठवायचं.

एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चाळीस वर्षं शाळा हाकली, पोरी. आता सून चमच्याला हात लावू देत नाही. म्हणून दोन बस बदलून इथं चहा करायला येते." सगळे हसले. मीही हसले.

गेल्या सुट्टीत तुझ्या बावीस डब्यांवर मीच चिठ्ठ्या चिकटवल्या. सामानाची यादी दादाच्या फोनवर टाकली. "मग मी काय करू गं?" असं तू विचारलंस, तेव्हा मी "आराम कर" म्हणाले. एवढं शिकूनसवरून हे केलं. दादा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ते डबे कौतुकाने दाखवतो म्हणे.

परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, जेवलीस का. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

गुडघा कसा आहे?

गोळ्यांच्या डब्यावरची चिठ्ठी तेवढी राहू दे. बाकीच्या चिठ्ठ्या काढून टाक, यादी तूच कर. दादा कुरकुरला तर माझं नाव सांग. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर तो कप त्याला दे आणि स्वतःसाठी दुसरा कर.

तुझी,
धाकटी