दुकानातला कम्प्युटर

सेलू, शनिवार
जून २००८

प्रिय बाबा,

समोर बसून बोलले असते, पण आई आणि आत्या आत लग्नाच्या तारखेचं ठरवत बसल्यात आणि तुम्ही कालपासून माझ्याकडे बघतच नाही. म्हणून हे पत्र तुमच्या टोपीखाली ठेवते. टोपी घातल्याशिवाय तुम्ही तारीख कळवायला वडनेरला निघणार नाही, एवढं मला माहीत आहे.

आपली बोली मी विसरलेले नाही. नागपूरच्या कम्प्युटर कंपनीच्या परीक्षेत पास झाले तर नोकरी, नापास झाले तर वडनेरचं स्थळ, आणि मग तोंड फुगवायचं नाही. काल दुपारी मी फोनवर रडत म्हणाले, जमलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, “राहू दे बेटा, येजो घरी.” घरी पोचले तर बैठकीत वडनेरचे रूपरावजी आणि मनकर्णाबाई होणाऱ्या सुनेच्या नावाने पेढे खात होते. तुम्ही बोलीप्रमाणेच होकार दिलात. मला रागवायला जागाच ठेवली नाही, याचाच जास्त राग आला.

पण काय झालं ते ऐका. पेपर आपलाच आला होता. वापरणाऱ्याला शब्द विचारायचा, त्यातलं कोणतं अक्षर काढायचं आणि कोणतं टाकायचं ते विचारायचं, मग बदललेला शब्द दाखवायचा. मला हसूच आलं. प्रफुलदादाने पुण्याहून पाठवलेली रूबीची, त्या कम्प्युटरच्या भाषेची, पानं घेऊन हेच तर मी तुमच्यासमोर गिरवलं. क्लासच्या कम्प्युटरवर रूबी नव्हती, आणि लोडशेडिंगमुळे दुपारी लाईनच नसायची. मग घरापुढच्या दुकानात बारदान्याच्या थप्पीवर बसून मीच कम्प्युटर व्हायचे आणि तुम्ही गिऱ्हाईक. “कापूस घे. क काढ, त टाक. झालं!” म्हणून गल्ल्यावर थाप मारायचात. मी कागदावर एकेक ओळ चालवायचे आणि सांगायचे, तापूस. तुम्ही खूश. “आपलं कम्प्युटर तं लाईन नसली तरी चालून राह्यलं!”

खऱ्या कम्प्युटरवरही मी कापूसच टाकला, इंग्रजी अक्षरांत. कापूस तसाच परत आला. चूक दाखवेना आणि अक्षर बदलेना. जेवणाची सुट्टी झाली आणि मी तुम्हाला तो फोन केला.

सुट्टीनंतर परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, वेळ आहे अजून, बसा. तेव्हा कुठे दिसलं की ‘तुमचा शब्द कापूस’ एका ओळीत येतोय आणि ‘असा झाला’ तुटून खालच्या ओळीत पडतंय. मी तर सगळं एकाच ओळीत लिहिलं होतं. आणि मला तुमची गल्ल्यावरची थाप आठवली. ती मी कधी कागदावर लिहिलीच नाही, कारण ती शब्दात धरायची नसते हे मला कळत होतं. या ठोंब्याला ते कळत नाही! तुमची थाप म्हणजे त्याचं एंटर; आपण ते दाबलं की तो तेही शब्दाबरोबर गिळतो. नुसता क शोधायच्या ऐवजी क आणि त्याला चिकटलेलं एंटर शोधत बसला होता. कापसात ते कुठून सापडणार? प्रत्येक उत्तरामागे चॉम्प ही आज्ञा लिहिली, एंटरचं शेपूट छाटलं. तापूस, बाबा! मी खुर्चीतच रडले.

मॅडमनी तिथेच निवड सांगितली. सोमवारी हजर व्हायचंय. गाडीत वाटलं, फोनवर नको, तुमच्यासमोर उभं राहून सांगू. तिथेच घात झाला.

दिलेला शब्द परत घ्या, हे सांगायला हे पत्र लिहिलंय. तुम्हाला ते किती जड जाईल ते कळतं मला. बाजारात तुमचं नाव त्याच एका गोष्टीवर चालतं. तरी मागते, कारण मला जायचंय. खूप जायचंय, बाबा. वडनेरला तुम्ही एकटे जाऊ नका. अर्धीच बातमी मी कळवली, म्हणून रूपरावजींपुढे मानही मीच खाली घालीन. कबूल असेल तर आईसमोर काही बोलू नका. टोपी घाला आणि गल्ल्यावर तशीच एक थाप मारा. मी चपला घालून दारात उभी आहे.

तुमचीच,
छाया