विज्ञान पुस्तिकेचा मराठी अवतार

१० जून
नव्या विज्ञान पुस्तिका आल्या. सगळ्या कानडीत. मराठी प्रती मागून येणार म्हणे. सीमाभागातल्या कमलनगरातली आमची शाळा मराठी, हे कुणाच्या गावी नाही. मुख्याध्यापिका सुमतीबाई रडवेल्या झाल्या. मी उठून म्हणालो, अनुवाद मी करतो. सगळे गार. यंदा तालुक्याचा विज्ञान मार्गदर्शक म्हणून माझंच नाव जाणार.

११ जून, दुपार
पुस्तिका उघडली. मिटली. कानडी मी फाडफाड बोलतो. बाजारात भल्याभल्यांची बोलती बंद करतो. वाचायची कधी वेळच आली नाही. कानडी सर्क्युलर आलं की चष्मा घरी राहिला म्हणायचं, कुणीतरी वाचून दाखवतंच.

१६ जून
उपाय सापडला. आठवीतल्या रेणुकाची आई हळ्ळीखेडची, घरात कानडी. तिला प्रकट वाचनाचा सराव द्यायचा. ती वाचणार, मराठीत सांगणार, मी लिहिणार. पोरीचा भाषाविकासही होईल. कालपरवा नोकरीला लागलेल्या हर्षिता मॅडम म्हणाल्या, मी मदत करू का? म्हटलं, तुम्ही रांगोळी स्पर्धा बघा.

२७ जून
अनुवाद अडला. रेणुका एक परिच्छेद वाचते आणि वर्गाला घेऊन अंगणात पळते. आधी करून बघा, असं पुस्तिकेत लिहिलंय म्हणे! आज आरशानं भिंतीवर ऊन पाडत होते. मी ओरडलो. तर म्हणते कशी, सर, तुम्हीच वाचून घ्या की, आमाला कामून थांबवायलाव? असल्या पुस्तिकांनी शिक्षकाचा धाक पार गेला.

८ जुलै
उद्या शिक्षणखात्याच्या शंकरप्पा साहेबांची तपासणी. अनुवाद अडीच पानं. मुखपृष्ठ मात्र पूर्ण: अनुवादक गुंडेराव, ठळक अक्षरात. वाचनाच्या सरावाबद्दल बोलू नको, असं रेणुकाला बजावलं. व्हय म्हणाली.

९ जुलै
मुलांनी प्रयोग झकास केले. मी मान डोलावली. कुणी शिकवलं, साहेबांनी विचारलं. रेणुका म्हणाली, सरांनी. साहेब एकदम खूश. म्हणाले, मार्गदर्शक तुम्हीच. आता कानडी पुस्तिकेतलं एक पान वाचून समजावा, बाकीचे शिक्षकही ऐकतील. चष्मा घरी राहिला म्हणालो. साहेबांनी स्वतःचा काढून दिला. नंबर नेमका तोच! अक्षरं लख्ख दिसत होती.

रेणुका मागून हळूच वाचू लागली. तिच्यामागून मी खणखणीत आवाजात. छान चाललं होतं. मग ती कानडीतच कुजबुजली, सर, पान उलटा. मीही कानडीत गरजलो, सर, पान उलटा!

पोरीनं ऐनवेळी घात केला.

१५ जुलै
ऑर्डर आली. मार्गदर्शक हर्षिता मॅडम. मी रोज एक तास पहिलीत बसून कानडी अक्षरं शिकायची. निव्वळ राजकारण.

१६ जुलै
पहिलीत मागच्या बाजूला बसलो. निरीक्षक म्हणून. गुडघे बाकात मावेनात. शेजारचं पोरगं बराच वेळ माझ्याकडं बघत होतं. मग विचारलं, आजोबा, तुमी बी नापास झालाव का?

व्हय म्हणालो.