घोड्याचं तोंड

प्रिय खारू,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटं करून पाठवणाऱ्याचं नाव शोधशील. नाव घातलेलं नाही. सहा वर्षांत माझी एक ओळही तुला आली नाही, पण तुला खारू म्हणणारा आता या जगात मी एकटाच उरलोय, तेव्हा ओळखायला अडचण पडू नये. तुझ्या हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंना मी दोनदा बजावणार आहे की हे तुझ्याच हातात द्या, तुझ्या प्रशिक्षकांच्या नको. त्या माझ्याकडे संशयानं बघतील, बघू देत. माझा चेहराच तसा आहे म्हणे. तुझी वहिनी म्हणते, दुकानात चष्म्याची फ्रेम बघायला आलेल्या माणसाला वाटतं की हा आपल्यावर पाळत ठेवून आहे.

तर, मी या बुद्धिबळ स्पर्धेत आहे हे तुला ठाऊक आहे. कधीपासून ठाऊक आहे हेही मला ठाऊक आहे, त्याकडे येतोच. स्पर्धा खुली, अर्ज केला की कोणीही खेळू शकतो, म्हणून आलो. वहिनीला सांगितलं, जरा हवापालट. ती म्हणाली, हवापालटाला लोक डोंगरावर जातात, बहीण खेळत असलेल्या हॉलमध्ये नाही. मी म्हटलं, ती वरच्या पटांवर, मी खालच्या, गाठ पडायची नाही. आणि खरंच तसं होतं. तुम्ही मंचाजवळ, दोरीच्या आत, पुढ्यात नावाची पाटी. आम्ही पार मागे, घडीच्या टेबलांवर, स्वच्छतागृहाच्या दाराशी. दार उघडलं की माझ्या उंटाला वारा लागतो.

या स्पर्धेला पहिल्या दिवसापासून काय झालंय कोण जाणे! भलेभले आडवे होतायत. दुसऱ्या मानांकनाच्या माणसाला एका बसचालकानं हरवलं, आणि तेही असं की जिंकल्यावर तो स्वतःच पंचांना विचारत होता, हे बरोबर आहे ना म्हणून. मीसुद्धा पहिले तीन डाव हरून रडतखडत सुरुवात केली आणि मग काय अंगात आलं, माझ्यापेक्षा कितीतरी वरचे तिघं पाडले. माझ्या खोलीत दातांचे एक डॉक्टर आहेत, तेही खेळतात. ते रोज संध्याकाळी गुणतक्ता आपल्या वहीत उतरवतात आणि प्रत्येक धक्कादायक निकालामागे एक भानगड शोधून काढतात. माझ्या विजयांमागची भानगड त्यांना अजून सापडलेली नाही, म्हणून ते जरा नाराज आहेत.

तू पहिले चारही डाव जिंकलीस. मी रोज आपला डाव संपला की दोरीपाशी येऊन उभा राहायचो, खांबाच्या आडोशाला. तुझा किताब आता हाकेच्या अंतरावर आहे, नऊ फेऱ्यांत साडेसहा गुण झाले की झालं, हे मला डॉक्टरांकडून कळलं. आणि पाचव्या फेरीत तू हरलीस. त्या टोपीवाल्याकडून, ज्याला तू झोपेतही हरवशील. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. तो दर थोड्या वेळानं उठून बाहेर जात होता. मी त्याच्या मागं गेलो, खारू. होय, गेलो. म्हटलं, स्वच्छतागृहात फोन लपवलाय की काय. बघतो तर गडी खिडकीशी उभा राहून केळं खातोय. त्यानं मलाही अर्धं देऊ केलं.

सहाव्या फेरीत तू पुन्हा हरलीस. मग संशयानं दुसरी वाट धरली. तुझा चष्मा डाव्या बाजूला उतरलाय, तू सारखी बोटानं वर ढकलतेस. मला वाटलं, नंबर वाढलाय, पट नीट दिसत नाही बिचारीला. आमच्या धंद्यातल्या माणसाला जगातली सगळी दुःखं काचेतूनच आलेली दिसतात. डॉक्टर म्हणाले, "अहो, डोळे कसले घेऊन बसलात? विकला असेल डाव. हल्ली सर्रास चालतं." त्यांनी हे दात घासता घासता सांगितलं, नाहीतर मी काय केलं असतं सांगता येत नाही. मी म्हटलं, माझी बहीण आहे ती. ते तोंडातला फेस तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले, कारण आठवडाभर मी त्यांना हे सांगितलंच नव्हतं.

पण मनात किडा सोडून गेले ते. आज सातव्या फेरीत मी माझा डाव चटकन बरोबरीत सोडवला आणि थेट दोरीशी आलो. मोठ्या पडद्यावर तुमचे डाव दिसतात, पण पडद्यावरचे सगळे घोडे एकाच दिशेला बघतात. मला खरा पट बघायचा होता. आणि बघितला. तुझा डावीकडचा घोडा पुढे बघत होता आणि उजवीकडच्याचं तोंड तुझ्याकडे वळलेलं होतं.

आठवतं तुला? स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण खेळायचो, बाबा मधे बसून दोघांच्याही चुकांवर खाकरायचे. मी हरलो की दोन-दोन दिवस फुगून बसायचो, तुला सायकलवर घ्यायचो नाही. मग तू एखाद्या वेळी मला जिंकू द्यायचीस. तसं ठरवलंस की आधी हळूच एका घोड्याचं तोंड स्वतःकडे फिरवायचीस, जणू त्याला सांगत होतीस की चल बाबा घरी, आज लढायचं नाही. तुला वाटायचं दादाला कळत नाही. दादाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. फुकटचा विजय कोण सोडतो? आज तुझा तो डाव कसाबसा बरोबरीत सुटला, कारण समोरच्याला जिंकायचं कसं हेच सुचेना. तू हात मिळवलास तेव्हा तुझा चेहरा सुटल्यासारखा नव्हता, फसल्यासारखा होता.

आणि मग मला चौथ्या फेरीनंतरची ती गोष्ट आठवली. भिंतीवर गुणतक्ता लागला होता. वर असलेला माणूस पहिलं पान बघतो आणि जातो. तू शेवटच्या पानासमोर उभी होतीस, पाठमोरी, बोट एका नावाखाली धरून. मी तेव्हा स्वतःला समजावलं की कुणा मैत्रिणीचं नाव बघत असेल. काखेत कळसा आणि मी टोपीवाल्याच्या मागं स्वच्छतागृहात! जितके गुण तितक्याच गुणांचा माणूस समोर येतो, हा या खेळाचा नियम. तुझे आता साडेचार, माझे साडेतीन. उद्या तू हरायचंस, मी जिंकायचं, की शेवटच्या फेरीत आपण समोरासमोर. तुझा हिशेब चोख आहे. माझं जिंकणं मात्र तू फारच गृहीत धरलंस.

का, तेही कळलं. बाबा गेले तेव्हा तू परदेशात खेळत होतीस आणि स्पर्धा संपवून मग आलीस. दारातच मी म्हणालो होतो की यापुढे समोर आलीस तर मी उठून जाईन. आणि दोनदा खरंच उठून गेलो, एकदा आत्याकडून आणि एकदा भर लग्नातून, ताट तसंच ठेवून. पटावरून उठून जाता येत नाही. उठलो तरी घड्याळ माझंच चालत राहतं. हे तू हेरलंस. पण अगं वेडे, पटावर बोलायला बंदी असते! चार तास गप्प बसण्यासाठी तू किताब घालवणार? गप्प तर आपण सहा वर्षं आहोतच.

माझा राग पुरता गेलाय असं खोटं लिहिणार नाही. पण डाव मांडला की घर पेटलं तरी अर्ध्यातून उठायचं नाही, हा बाबांचाच नियम. तू तो पाळलास. मी तुला घरात घेतलं नाही. यावर बाबा कोणाकडे बघून खाकरले असते, हे मला गेले तीन दिवस स्पष्ट ऐकू येतंय. कदाचित हा सगळा माझ्या संशयी डोक्याचा खेळ असेल, तुला खरोखरच सर्दी-पडसं झालं असेल. मग पोटभर हस माझ्यावर. तेही सहा वर्षांत ऐकलेलं नाही.

आता मुद्द्याचं. थोड्या वेळानं आठव्या फेरीच्या जोड्या लागतील. तू शेवटच्या पानापाशी जाशील आणि तिथं माझं नाव नसेल. मी आत्ताच पंचबाईंकडे जाऊन स्पर्धेतून नाव मागे घेतलंय. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं घरगुती. डॉक्टर म्हणाले, आयुष्यात एकदा बरं खेळलात आणि आता कच खाता? बाबांचा नियम या खेपेला मी मोडला. आता तू कितीही हरलीस तरी मी समोर येणार नाही, म्हणून हरण्यात अर्थ नाही. दोन डाव उरलेत, दोन्ही जिंक. पण नाव नाही म्हटल्यावर तुला वाटेल की दादानं पाहिलं आणि दादा पुन्हा उठून गेला. तसं वाटू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. मी उठलोय, गेलेलो नाही. उद्या दोरीपाशी असेन, या वेळी खांबाच्या अलीकडे. बसल्या बसल्या आधी दोन्ही घोडे पुढे बघतायत ना ते पाहा, आणि डाव संपला की चष्मा काढून माझ्या हातात दे. डावी काडी सैल झालीय, स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशातच असतो.

तुझाच, अजून थोडासा फुगलेला,
दादा