स्वयंपाकीणबाईंचा फोटो

प्रिय कुंदा,

तुझा फोन मार्चमध्ये आला होता आणि आज जूनचा दुसरा शनिवार आहे. मधल्या काळात तू दोन व्हॉइस मेसेज पाठवलेस. दुसऱ्यात नुसतंच "बाई, जिवंत आहेस का" एवढं विचारलंस. मी दोन्ही वेळा हात जोडलेलं चित्र पाठवून गप्प बसले. तुझं म्हणणं साधं होतं. तुझ्या मिरजेच्या निवाऱ्याचं सरकारी अनुदान अकरा महिने आलेलं नाही, घरमालक घर रिकामं करून मागतोय, आत चौदा बायका आणि सहा मुलं आहेत. मी दुबईत बसून बायकांच्या संस्थांना निधी देण्याचं काम करते, तर तुझ्यासाठी एक शब्द टाकावा. या पत्रात त्याचंच उत्तर आहे. पण त्याआधी मला तुला टांगाची गोष्ट सांगायला हवी. ती ऐकल्यावर तू मला मैत्रीण म्हणशील की नाही, मला माहीत नाही. म्हणून तर तीन महिने गेले.

हातानं लिहितेय, कारण माझा फोनही ऑफिसचा आणि लॅपटॉपही ऑफिसचा. आमची शेजारीण वैभवी सोमवारी पुण्याला निघालीय, तिच्याबरोबर देते. अक्षराकडे दुर्लक्ष कर.

टांगा हे टांझानियातलं समुद्रकाठचं शहर. तिथे नबिला म्हणून एक बाई आहे, आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिच्या भागातल्या काही गावांत नवरा मेला की सासरचे जमीन आणि घर ताब्यात घेतात, आणि बाईनं दिराच्या घरात जावं असंही ठरवून टाकतात. सगळीकडे असं होतं असं नाही, पण जिथे होतं तिथल्या बाईला कुठेच थारा नसतो. नबिला आणि तिच्या बरोबरच्या बायका गावाच्या पंचांसमोर जाऊन बसतात. बोलत नाहीत, ओरडत नाहीत, नुसत्या बसतात. सकाळी बसलेल्या संध्याकाळपर्यंत. शेवटी पंच कंटाळून विचारतात, काय पाहिजे तुम्हाला. मग या बायका मागण्यांचा कागद पुढे करतात. गेल्या सात वर्षांत आमच्या फाउंडेशनच्या पैशातून त्यांचा बसचा प्रवास झाला, एक वकीलबाई नेमता आली, आणि पळून आलेल्या बायकांसाठी एक घर झालं. माझं काम काय, तर "त्यांना कंटाळा येईपर्यंत आम्ही बसलो" हे नबिलाचं वाक्य "समुदायपातळीवरील सातत्यपूर्ण संवाद" असं करून आमच्या बोर्डापुढे ठेवणं. मी ते फार छान करायचे. नबिला फोनवर हसायची, म्हणायची, माझ्या बायकांना कळलं की त्या संवाद करतात तर त्या बसायच्याच थांबतील.

ते घर तुझ्या घरासारखंच होतं. बाहेर पाटी नाही, दारात चपला नाहीत. तुझ्या रजिस्टरात प्रत्येक बाईचं गाव तू मुद्दाम चुकीचं लिहायचीस, आठवतं? म्हैसाळची बाई असेल तर तू विट्याची लिहायचीस. मी तुझ्याकडे कामाला नवीन असताना एकदा दुरुस्त करून ठेवलं तर तू माझ्या हातातून पेन काढून घेतलं होतंस. आणि ते आमदार साड्या वाटायला आले तेव्हा तू सगळ्या बायकांना मागच्या खोलीत नेऊन शेंगा सोलायला बसवलंस, आणि फोटोत साड्या घ्यायला उभ्या राहिल्या तू, मी आणि आपल्या स्वयंपाकीणबाई. पेपरात आलं, "पीडित महिलांना आधार". स्वयंपाकीणबाई वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या, मी पीडित आहे, माझ्याशी नीट बोला. आपण किती हसलो होतो. मी हे सगळं तुझ्याकडून शिकले, कुंदा. न शिकलेल्या माणसाच्या हातून पुढचं घडलं असतं तर ती चूक म्हणता आली असती.

गेल्या वर्षी सगळीकडचे हात आखडले. मोठ्या देशांनी मदत काढून घेतली, आफ्रिकेतल्या बायकांच्या कितीतरी संस्था महिन्याभरात बंद पडल्या. नबिलाचे बाकीचे दोन्ही देणगीदार गेले, उरलो फक्त आम्ही. आमच्या बोर्डानं ठरवलं की नोव्हेंबरात एक मोठा कार्यक्रम करायचा, दुबईतल्या श्रीमंत कुटुंबांना बोलवायचं आणि आफ्रिकेच्या कामासाठी पुढच्या तीन वर्षांचा निधी उभा करायचा. आमच्याकडे प्रसिद्धीचं काम शुभ्रा बघते. पुण्याचीच आहे, तिशीतली, वाईट नाही मुळीच. ती म्हणाली, मृणालिनी, एक चेहरा पाहिजे. चेहरा नसेल तर लोक भाषण संपायच्या आत जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. खरंच राहतात. मी पाहिलेत.

मी नबिलाकडे एका बाईची कहाणी आणि फोटो मागितला. तिनं लिहिलं, आम्ही फोटो देत नाही, तुला माहीत आहे. मग मी फोन केला. कुंदा, मी धमकी दिली नाही. मी फक्त म्हणाले की यंदा बोर्ड जरा कठीण आहे. आणि म्हणाले की हा कार्यक्रम फक्त इथे, दुबईत आहे. कुठे टांगा, कुठे दुबई. त्या हॉलमध्ये तुझ्या बाईला ओळखणारं कोण असणार?

चार दिवसांनी फोटो आला. एक पन्नाशीची बाई, रंगीत कापड गुंडाळलेली, कॅमेऱ्याकडे थेट बघून गालात हसणारी. सोबत कहाणी होती दोन मुली घेऊन अंगावरच्या कपड्यानिशी निघालेल्या विधवेची. मी तो फोटो मोठा करून पाहिला. बाईच्या बोटांना हळद लागलेली होती, आणि नुकत्याच पळून आलेल्या बाईची नजर तशी नसते. मला लगेच कळलं. ती त्यांची स्वयंपाकीण होती. नबिला तेच करत होती जे तू केलं होतंस, आणि ते ओळखू शकेल असं त्या अख्ख्या ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी गप्प बसले असते तर काम झालं असतं. शुभ्राला तो फोटो आवडलाही होता. पण मला राग आला. खरं सांगते, मला वाटलं, ही मला फसवतेय. सात वर्षं तिच्यासाठी भांडले आणि ही मला आमदाराच्या रांगेत उभं करतेय. मी तिला लिहिलं, ही ती नाही, मला ती पाहिजे.

दुसऱ्या दिवशी नुसता फोटो आला, आणि संमतीपत्रावरचा अंगठा.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. शुभ्रा म्हणाली, किती पॉवरफुल आहे. हॉलच्या दारात तो आठ फुटी फलक लागला. दिवे, फुलं, पाण्याचे ग्लास. लोकांनी जेवणाआधी टाळ्या वाजवल्या आणि ठरवल्यापेक्षा जास्त निधी जमला. सुजीत माझ्याबरोबर आला होता. गाडीत म्हणाला, चला, नवऱ्याचा पगार बंद पण बायकोचा सत्कार चालू. त्याची अबुधाबीची नोकरी ऑगस्टमध्येच गेली होती. तेव्हापासून त्याचा आणि आमच्या ईशानीचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. तो त्याची थट्टा करतो, मला स्पॉन्सरसाहेब म्हणतो. थट्टा करणं थांबेल त्या दिवसाची मला भीती वाटते.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, आम्ही खोर फक्कानला, समुद्रावर गेलो होतो. ईशानीला पोहायचं होतं. मी वाळूत बसून समोरच्या बंदरातल्या क्रेन बघत होते तेव्हा नबिलाचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. म्हणाली, तिचे दीर आले होते, सहा माणसं घेऊन. त्यांच्या फोनमध्ये तुमच्या फलकाचा फोटो होता, खाली आमच्या संस्थेचं नाव. गावात विचारत विचारत घरापर्यंत आले. त्यांनी तिला हात लावला नाही. दोन्ही मुलींना उचलून गाडीत घातलं आणि दार उघडं ठेवून थांबले. ती स्वतः चालत जाऊन बसली. बाकीच्या अकरा बायकांना त्याच दुपारी हलवावं लागलं. आता ते घर घर राहिलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक झालंय. मी काही बोलण्याच्या आत ती म्हणाली, तू ओळखलंस ना, पहिला फोटो तिचा नव्हता म्हणून. आणि फोन ठेवला. ईशानी पाण्यातून हात हलवत होती. मीही हलवला.

फलकाचा फोटो गेला कसा, हे मला शोधून काढायचंच होतं. मी पुन्हा त्या हॉलवर गेले. दारावर सिक्युरिटीचा माणूस उभा होता, कानाजवळचे केस पांढरे, माझ्याच वयाचा. छातीवरच्या बिल्ल्यावर टांझानिया लिहिलेलं. कार्यक्रमाच्या दिवशीही तोच होता. तीन तास मी त्याच्यापासून पाच हातांवर उभी राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते आणि मला तो दिसला नव्हता. या शहरात दारं उघडणारे, खुर्च्या लावणारे, ग्लास उचलणारे कुठून येतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला विचार शिवला नाही, एवढंच. इथली सगळी वर्षं मी दारातून अशीच आत जात आले.

तो मला पाहून खूश झाला. इथल्या सगळ्यांसारखं हिंदी शिकलाय. म्हणाला, मॅडम, आप का प्रोग्राम में हमारा गाँव का औरत था. इतना बडा फोटो. हम सब को भेजा. इंटरनॅशनल सिटी नावाच्या इथल्या वस्तीत तो आठ जणांबरोबर एका खोलीत राहतो, त्या सगळ्यांना त्यानं तो फोटो दाखवला होता, आणि गावच्या ग्रुपवर टाकला होता. आमच्या गावची बाई, आणि दुबईचे शेठ लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवतात. त्याला अभिमान वाटला होता, कुंदा. मग त्यानं मला विचारलं, मॅडम, वो कैसा है अभी? मी म्हटलं, अच्छी है. तो म्हणाला, इन्शाल्ला.

ऑफिसात एक फॉर्म भरून घेतला गेला. संमतीपत्र होतं, अंगठा होता, त्यामुळे आमच्याकडून काही चुकलेलं नाही असं त्यात निघालं. सुजीतही तेच म्हणाला, तिनं अंगठा दिला ना, मग खलास, तू किती दिवस हे उगाळणार. ईशानी जेवता जेवता मान वर न करता म्हणाली, बट मॉम, डिड शी नो व्हॉट शी वॉज सायनिंग? सुजीत तिला ओरडला. मी पोळ्या आणायला आत गेले. फेब्रुवारीत बोर्डानं ठरवलं की आफ्रिकेचं काम गुंतागुंतीचं आहे, ते थांबवावं, आणि तो जमलेला निधी जिथली भाषा आणि माणसं आपल्याला कळतात अशा ठिकाणी, म्हणजे भारतात, वापरावा. नबिलाला ते पत्र माझ्या सहीनं गेलं. तिनं पोचही दिली नाही. ती बाई आणि तिच्या मुली कुठे आहेत, मला माहीत नाही. मी तीनदा विचारलं. शेवटच्या वेळी वकीलबाईंचं एका ओळीचं उत्तर आलं की कृपया आता विचारू नका, तुमच्या विचारण्यानंही लोक कान टवकारतात.

आता तुझं उत्तर. कुंदा, मी शब्द टाकला नव्हता, पण त्याची गरजच पडली नाही. बोर्डानं भाषा कळते अशा ठिकाणच्या तीन संस्था निवडल्या, त्यात तुझी पहिली आहे. तीन वर्षांचा पूर्ण खर्च देतील. घरमालकाचं तोंड बंद होईल, अनुदानाची वाट बघायला नको. मंगळवारी तुला ऑफिसकडून मेल येईल, खाली सही माझी असेल. एका बाईची कहाणी आणि फोटो मागितलेला असेल, आणि जुलैत शुभ्रा, एक कॅमेरावाला आणि मी मिरजेला येणार असं लिहिलेलं असेल. नोकरी सोडून मोकळं व्हावं असं मी रोज सकाळी ठरवते. पण तीन व्हिसा, ईशानीचं शाळेचं शेवटचं वर्ष, सुजीतचे रोजचे अर्ज. मी सोडणार नाही, हे मला कळून चुकलंय. तू नाही म्हणालीस तर त्या चौदा जणींना घेऊन तू कुठे जाशील हे मला सुचत नाही, आणि तुला ते म्हणायला सांगायचा मला काय अधिकार. तरी सांगते. तू स्वयंपाकीणबाईंना पुढे करशील, मला माहीत आहे. करू नकोस. मी त्यांना ओळखते, आणि शुभ्रा शेजारी उभी असताना मी गप्प राहीनच, याची मला खात्री नाही. एकदा राहिले नाही. म्हणून हे पत्र. जुलैत मी तुझ्या दारात येईन, हसत येईन, कदाचित तुझ्यासाठी खजूर घेऊन येईन. मला आत घेऊ नकोस.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
मृणालिनी