हळदीच्या गाण्यात नवरी कुठे आहे?

१२ जानेवारी

सकाळी परत कडीवरून भांडण. काल दुपारी इथे अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला चोरांनी दोन घरं फोडली, तरी ह्यांचं तेच. लॅच ओढा, कडी घालायची नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकतेय. कारण विचारलं तर अंगावर येतात. म्हटलं, लग्नघर आहे, पिंकीचे दागिने घरात आहेत. तर म्हणे, "दागिने बँकेत ठेव." आणि पेपर तोंडासमोर.

पिंकीची हळद १५ फेब्रुवारी. अजून पत्रिका वाटायच्यात. डोकं दुखतंय.

१४ जानेवारी

पिंकीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणीतरी कल्याणची मुलगी ह्यांच्या गाण्याचा "खरा अर्थ" सांगते. लाखांनी बघितलाय म्हणे. ह्यांनी तरुणपणी एकच गाणं लिहिलं आणि गायलं, शेजारच्या सिंधी कॅम्पातल्या एका शेठने कॅसेट काढली, आणि तेव्हापासून जांभूळ-बदलापूर पट्ट्यात त्याच्याशिवाय कुणाला हळद लागत नाही. आता रिमिक्स पण आलाय. ती मुलगी म्हणते, आगरी घरात हळदीला नवरीसोबत अख्खं घर भिजतं, त्या एकोप्याचं हे गाणं.

पिंकी खूश. "मम्मी, पप्पा तर लेजंड आहेत यार. माझ्या हळदीला एंट्री याच्यावरच."

हे आत होते. ऐकलं नक्की. बाहेर आले नाहीत.

१५ जानेवारी

बालवाडीत तीस-एक वर्षं बडबडगीतं शिकवली, त्यामुळे गाणं कागदावर उतरवल्याशिवाय मला कळत नाही. आज उतरवलं.

आंगनान आज पानीच पानी गो,
आई न्हाली, बाबा न्हाला,
काका न्हाला, काकी न्हाली,
चुलीवर हंडा नाय ठेवला गो.

वाजा नाय, वाजंत्री नाय गो,
दारान सगली गप उभी...

ढोलकीच्या दणक्यात लोक "वाजंत्री नाय" म्हणून नाचतात! इतकी वर्षं मीही नाचले. दिराच्या हळदीत तर पाय सुजेपर्यंत.

पण ह्यात नवरी कुठे आहे? सगळे न्हाले, तिला कुणी न्हाऊ घातलं नाही. हळदीचं नाव नाही. आणि हळदीचं पाणी गार का? आमच्याकडे हंडा आधी चुलीवर चढतो, मग बाकी सगळं.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. "गाणं आहे. नाचायचं असतं." एवढंच. जेवले नाहीत नीट.

१९ जानेवारी

ह्यांच्या गावी, जांभूळला गेलो. पहिली पत्रिका गावदेवीला, दुसरी बायजाकाकींना. काकी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, घरात आता त्याच मोठ्या. हे देवळापाशी मित्रांत बसले, तेवढ्यात मी काकींना गाठलं. म्हटलं, काकी, गार पाण्याने घरदार कधी न्हातं?

काकी तांदूळ निवडता निवडता थांबल्या. "मयताला गो. आनखी कवा?"

मग माझ्याकडे बघत बसल्या. "भाल्यानं तुला सांगला नाय?"

भाल्या म्हणजे हे. नाही म्हटलं.

"हिरूची आंगोल ती. तिच्या नावाची. सगल्यांनी केली, आंगनान, गार पान्यानी."

हिरू ही ह्यांची धाकटी बहीण. माझ्या लग्नाच्या आधी तापाने गेली असं मला सांगितलेलं. मी म्हटलं, म्हणजे ती वारली त्या दिवशीची.

"मेली कंची गो? जिती हाय ती. कॅम्पान रते. सिंध्याच्या पोराशी लगीन केला. तुजा सासरा बोलला, आजपासून आमाला मेली, चला सगली आंगोल करा. भाल्या पन न्हाला. सगल्यांचे शेवटी."

परत येताना रिक्षात मी डोळे मिटून बसले. ह्यांना वाटलं उन्हाने.

२० जानेवारी

काही करवत नाही. पितृपक्षात सासूबाई आठवून आठवून पानं ठेवायच्या, लांबच्या आतेसासऱ्याचंसुद्धा. हिरूचं कधी ठेवलं नाही. भिंतीवर तिचा फोटो नाही. मला कधी विचारावंसं वाटलं नाही ह्याचं नवल वाटतंय. मेलेल्या माणसांबद्दल नव्या सुनेने विचारू नये असं वाटायचं.

जिवंत माणसाची आंघोळ. आणि त्यावर आम्ही सगळ्या पदर खोचून...

हे अंघोळीला बसले की तांब्या ओतताना एकच कडवं पुटपुटतात. कॅसेटवर नाही ते. मला वाटायचं, सुचलेलं नंतरचं काहीतरी. आज बाथरूमच्या दाराशी उभी राहून नीट ऐकलं.

सगल्यांचे मागशी दादा न्हाला,
मान खाली घालून न्हाला,
दार लाव दादा, लाव रे दार,
कडी तेवरी घालू नको.

स्वयंपाकघरात येऊन रडले. कांदा चिरायला घेतला, म्हणजे पिंकी विचारणार नाही.

२२ जानेवारी

विचारलं सरळ. हिरू कॅम्पात आहे ना?

पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "काकीला तोंड आवरत नाही."

मग आपणहून बोलले, तुटक. गाणं संथ होतं. पेटीवर, एकट्याच्या आवाजात. शेठ म्हणाला, भाऊ, रडका माल कोण घेणार, और लंबा भी है. ढोलकी घातली, चाल पळवली, शेवटचं कडवं कापलं. "मला वाटलं, कापू दे. निदान कॅम्पात वाजेल. तिच्या कानावर जाईल. तिला बाकीचं कळेल."

मी म्हटलं, कसं कळेल? कापलेलं कसं कळेल माणसाला?

"आमच्या घरचं आहे. कळायला पाहिजे."

असा राग आला. ह्या घरातल्या माणसांना तोंडाने बोलायला काय होतं देव जाणे. घरोघरी वाजलं गाणं, आणि जिच्यासाठी लिहिलं तिला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

२६ जानेवारी

शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेले. ह्यांना सांगितलं, ब्लाउज टाकायला जाते. काकींनी नुसता भाग सांगितलेला. जीन्सवाल्यांच्या गल्लीत दोघा-तिघांना विचारलं, एकाने वर बोट दाखवलं, "वो मराठी आंटी?"

जिना चढून गेले. जीन्सच्या ढिगात बसून धागे कापत होती. नाक ह्यांचंच. तोंड उघडायच्या आधी ओळखलं असतं कुठेही.

सांगितलं, मी भालचंद्रची बायको. कात्री ठेवली नाही तिने. "वहिनी म्हणजे तू. बैठ ना. पाणी?" मराठी मोडकं झालंय, मध्येच हिंदी, सिंधी. नवरा आतल्या खाटेवर, त्याला कमी दिसतं आता. मुलगी लग्न होऊन इंदूरला.

बाबा कधी गेले विचारलं. सांगितलं. आई? तेही सांगितलं. कापत राहिली.

मग पत्रिका पुढे केली. म्हटलं, आपल्याकडे हळदीचं पहिलं बोट आत्याचं असतं. या.

पत्रिका हातात घेतली नाही. म्हणाली, "हळदीला ते गाणं लावणार ना? इथे पण लावतात. सीझनमध्ये रोज. वाजलं की मी मशीन चालू करते, काम असो नसो. सुरुवातीला शेजारणी बोलवायच्या, चल नाचायला. मी काय सांगू? माझ्या मयताची अंघोळ आहे ती? दादाने मला मारून वर बाजा लावला, वहिनी. सगळ्या दुनियेला नाचवलं."

मी शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. मला गाता येत नाही. नुसतं म्हटलं.

कात्री थांबली. आतून तिच्या नवऱ्याने सिंधीत काहीतरी विचारलं.

मग म्हणाली, "अंबरनाथ किती लांब आहे गं इथून?"

म्हटलं, रिक्षाने वीस मिनिटं.

"मग तो स्वतः का नाही आला?"

निघताना नंबर मात्र दिला. पत्रिका मी ढिगावर ठेवून आले.

२७ जानेवारी

ह्यांना सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. "बाजा लावला" हे पण. गाळायचं मनात आलं होतं. गाळलं नाही.

हे उठून ओट्याकडे गेले आणि पाणी प्यायले. मग परत प्यायले.

३१ जानेवारी

आज हे निघाले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स. मी काही विचारलं नाही, फक्त तिचा जिना कुठला ते सांगितलं. दुपारी परत आले. बॉक्स तसाच.

"गल्ली बंद होती."

शनिवारी जीन्सवाल्यांची गल्ली बंद! मी बॉक्स फ्रीजमध्ये ठेवला. चिडायचं ठरवलं होतं पण ह्यांच्या चपलांना निळा रंग लागला होता. तिथल्या गटारात जीन्सचं पाणी वाहतं. म्हणजे जिन्यापर्यंत गेले होते.

५ फेब्रुवारी

पिंकीला सांगितलं. रडली, मग भडकली. बापावर. "आत्या इथे वीस मिनिटांवर, आणि मी तिला स्वर्गात समजत होते! क्या फॅमिली है यार." डीजेवाल्याला फोन करून ते गाणं काढायला लावलं. तो म्हणे, मॅडम, पब्लिक ऐकणार नाही, आणि तुमच्याच पप्पांचं आहे.

हे म्हणाले, "राहू दे. लोकांचं झालंय ते आता."

पिंकी म्हणाली, आत्याचं बोट नाही तर मला हळदच नको. काकींना कळलं तर गावभर होईल. होऊ दे.

९ फेब्रुवारी

ह्यांनी माझा फोन मागितला. मागच्या गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. मी ऐकायचं नाही ठरवलं, आणि ऐकलं. रेकॉर्डिंग लावून बोलायला गेले, "हिरू, मी..." आणि अडकले. परत. परत तिथेच. शेवटी गायले. पहिल्यापासून, संथ, मूळ चालीत. इतक्या वर्षांत मी ही चाल ऐकली नव्हती. आवाज फाटतो वरच्या पट्टीत. शेवटच्या कडव्यात ओळी बदलल्या होत्या.

दार नाय लावला, हिरू गो,
कडी नाय घातली.

मग पाठवायचं कसं ते येईना, म्हणून मला हाक मारली. मी पाठवलं. दोघं खुर्च्या टाकून फोनकडे बघत बसलो. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिने उघडलं.

काही उत्तर नाही.

११ फेब्रुवारी

नाही.

१३ फेब्रुवारी

मंडप आला. मी फोन केला तिला, उचलला नाही. मागे मशीनचा आवाज ऐकायला मिळाला असता तरी चाललं असतं. हे काही विचारत नाहीत, पण माझा फोन चार्जिंगला लावतात, आपणहून. कधी नाही ते.

१५ फेब्रुवारी

पाच मिनिटं मिळालीत, स्वयंपाकघरात उभ्यानेच लिहितेय. बाहेर पाहुणे. हळद वाटून ताटात तयार. पिंकी पिवळी साडी नेसून पाटावर बसलीय आणि हटून बसलीय. बायका कुजबुजतायत. काकी दोनदा आत येऊन गेल्या. "पहिला बोट कोनाचा गो? येल जातं." म्हटलं, थांबा थोडं.

डीजेवाल्याने शेवटी लावलंच. लोक उठले नाचायला. पिंकीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, नाचू दे. हे नाचत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसलेत, कॅम्पाच्या रिक्षा वळतात तिथे. प्रत्येक रिक्षाला अर्धे उठतात.

हंडा मी स्वतः ठेवलाय. पाणी तापलं, वाट बघता बघता कोमट झालं, परत तापवलं. काकी म्हणाल्या, गॅस फुकट जातोय, उरक आता.

पाणी पुन्हा निवलंय. गॅस लावते.