आईने ओळखलेला जर्मन

याव्होरेक, ८ मार्च १९६२

चि. सेवेकला सालोताईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझा सिनेमा अखेर तालुक्याला लागला. आई नवा रुमाल बांधून पुढच्या रांगेत बसली. आमचा सेवेक बघा आता, म्हणून शेजारणींना दहादा सांगून झालं होतं. आणि तू आलास तो जर्मन अधिकारी होऊन, एका शेतकऱ्याला कोठारापुढे उभं करून गोळी घालायला. युद्धात आपल्या बाबांना घातली तशीच. आई उठून बाहेर गेली. आता तुझं नाव काढलं की ती बटाटे सोलायला घेते. मी म्हटलं, अगं, सोंग आहे ते. तर म्हणाली, असलं सोंग घ्यायला जीव कसा होतो?

राग मानू नकोस. येत जा रे.
तुझी सालो

वूच, १९ मार्च

ती. सालोताईस सा. न. वि. वि.

काय सांगू? नाटकात मला दिवे धरून उभं करतात, आणि सिनेमावाल्यांना हवा माझा लांबट चेहरा नि जर्मनांकडे वेठीला असताना शिकलेली भाषा. दोनदा नाही म्हटलं, तर वर्षभर घरी बसवलं. परवा ट्राममध्ये एक बाई माझ्या शेजारून उठून गेली. पण ताई, ईस्टरनंतरच्या विनोदी नाटकात मला चक्क मुलीच्या लग्नापायी धावपळ करणारा बाप दिलाय! आईला आण. तिला एकदा हसवू दे.

तुझ्या धाकट्यावर माया असावी.
सेवेक

याव्होरेक, ५ एप्रिल

चि. सेवेक, आशीर्वाद.

आईची छाती भरलीय, ताप हटत नाही. तालीम टाकून ये.
सालो

वूच, १६ एप्रिल

ती. सालोताईस सा. न.

आईच्या दफनाच्या दिवशीच सांगायचं होतं, जीभ उचलली नाही. तू पाद्रीबाबांना आणायला गेलीस तेव्हा आईने डोळे उघडले. मी वाकलो तशी ती भिंतीकडे सरकली. हात जोडून विनवू लागली, साहेब, गाय न्या, पण माझ्या वालेन्तीला सोडा. बाबांसाठी गं! मी सेवेक, मी सेवेक, किती सांगितलं. जितकं बोलावं तितकी थरथरायची. शेवटी पाठ ताठ केली आणि सिनेमातल्या त्याच आवाजात, जर्मन साहेबासारखं तोडून तोडून म्हणालो, सोडला तुझा नवरा. झोप आता. तिने माझ्या हाताचे मुके घेतले, साहेब म्हणत. मग डोळे मिटले, ते मिटलेच.

लेकाचा हात धरून सुखाने गेली, असं तू सगळ्यांना सांगतेस. ताई, तसंच सांगत राहा.

उरलोय आपण दोघंच, मला अंतर देऊ नकोस.
सेवेक